झान बारे हिची पृथ्वीप्रदक्षिणा

बोगनवेल आमच्या बहुतेक वाचकांनीं पाहिली असेल. तालुक्याच्या कचेरीच्या कुंपणावर, शाळेच्या फाटकावर, मिशनच्या बंगल्याच्या आवारांत ही कांटेरी वेल ऐन उन्हाळ्यांत, विहिरी तळाला गेल्या असतांहि, जांभळ्या व तांबड्या रंगानें भरून जाते. जीं आपणांस फुलें वाटतात तीं वस्तुतः रंगीत पानें होत. खरें फूल त्यांच्या मधोमध लहानसें व पांढरट असतें. ही वेल मूळची आपल्या देशची नव्हे. ती दक्षिण अमेरिकेंतली असून बूगेंव्हील नांवाच्या एका फ्रेंच कप्तानावरून तिला हें नांव पडलें. परंतु कप्तानानें ती स्वतः शोधून काढिली नव्हती. इ. स. १७६७ सालीं ब्राझील देशांतील रिओ द जानेरो शहराजवळ ज्यानें तिचा नमुना कागदांत दाबून ठेविला तो फिलिबेर कोमर्सों नांवाचा विद्वान् वैद्य होता, आणि त्याच्याबरोबर त्या प्रवासांत एक नोकर होता. तो नोकर म्हणजे पुरुषाचा वेष घेतलेली एका शेतमजुराची मुलगी होय. तिचें नांव झान बारे. जलमार्गानें पृथ्वीला प्रदक्षिणा घालणारी पहिली स्त्री म्हणून तिचें नांव आज देशोदेशीं ठाऊक आहे. तिचीच हकीकत आम्ही येथें सांगणार आहों.

झानचा जन्म २७ जुलै १७४० रोजीं फ्रान्स देशाच्या बर्गंडी प्रांतांतील ला कोमेल या लहानशा गांवीं झाला. बाप रोजंदारीवर दुसऱ्याच्या शेतांत राबणारा. त्याला लिहितां वाचतां येत नव्हतें. ज्यांच्या घरीं स्वतःची जमीन नाहीं आणि धान्याची कणगी कधीं भरलेली नाहीं अशा कुटुंबांत लेकीच्या वांट्याला काय येतें हें आमच्या वाचकांस आम्ही सांगावयास नको. तथापि एक गोष्ट लक्षांत ठेवण्याजोगी आहे. पुढें झाननें कागदपत्रांवर अंगठा किंवा फुली न करितां स्वतःच्या हातानें सही केली, म्हणजे अक्षरओळख तिनें कोठून तरी मिळविली होती. त्या वेळच्या तिच्यासारख्या बायकांत हें क्वचितच आढळे.

वयाची विशी उलटल्यावर ती कोमर्सों याच्या घरीं घरकामास राहिली. हा गृहस्थ १७२७ सालचा. त्यानें माँपेलिए येथें वैद्यकीचें शिक्षण घेतलें होतें, पण त्याचें खरें वेड झाडांचें. रोग्याची नाडी पाहण्यापेक्षां बांधावरचें गवत पाहण्यांत त्याचा जीव अधिक रमे. स्वीडन देशांतील प्रख्यात वनस्पतिशास्त्रज्ञ लिनियस याच्याशीं त्याचा पत्रव्यवहार होता. १७६२ सालीं मुलाच्या जन्मानंतर त्याची बायको वारली. त्यानंतर घर संभाळणारी झानच होती, आणि दोन वर्षांनीं ती अविवाहित असतांना गरोदर राहिली. त्या देशच्या कायद्याप्रमाणें अशा स्त्रीस अधिकाऱ्यापुढें जाऊन तसें लिहून द्यावें लागे. झाननें तें लिहून दिलें, पण बापाचें नांव सांगितलें नाहीं. पुढें दोघें पॅरिस शहरीं गेलीं. मूल अनाथालयांत ठेविलें गेलें व तें लहानपणींच मरण पावलें. हा भाग आम्ही झांकून ठेवीत नाहीं. झांकला तर तिचें पुढील आयुष्य समजणार नाहीं. दोष दोघांचा होता, पण त्याचें ओझें एकटीनें वाहिलें, एवढेंच येथें म्हणून आम्ही पुढें जातों.

त्या सुमारास फ्रान्सनें मोठें युद्ध हरून १७६३ सालीं कानडा वगैरे मुलूख गमावला होता. नवीं बेटें सांपडावीं, मसाल्यांच्या झाडांचीं रोपें हातीं यावीं आणि राज्याची गेलेली पत परत यावी या हेतूनें राजानें लुई आंत्वान द बूगेंव्हील याला दोन जहाजें देऊन पृथ्वीभोंवतीं धाडण्याचें ठरविलें. एकाचें नांव बूदेज, दुसऱ्याचें एत्वाल, म्हणजे तारा. वनस्पति, पशु, मासे, दगडमाती यांचा शोध करण्यास कोमर्सों याची नेमणूक झाली, आणि सरकारी खर्चानें एक नोकर नेण्याची त्याला परवानगी मिळाली. पण त्याची प्रकृति नाजूक, पायाला जुनें दुखणें, आणि झाडांचे कागद ज्याच्या हातीं निर्धास्तपणें सोंपवावे असें माणूस एकच, तें म्हणजे झान. राजाच्या जहाजांवर स्त्रियांस नेण्याची तर १६८९ सालच्या हुकुमानें सक्त मनाई होती.

निघण्यापूर्वीं डिसेंबर १७६६ मध्यें कोमर्सों यानें मृत्युपत्र केलें. त्यांत झानला सहाशें लीव्र, थकलेला पगार व घरांतलें सामान ठेविलें. आणि आपल्या पश्चात् एक वर्ष पॅरिसच्या घरांत राहून तिनें आपला संग्रह नीट लावावा, अशीहि व्यवस्था केली. मोलकरणीला भांडींकुंडीं ठेवणारे धनी पुष्कळ असतात, परंतु आपल्या विद्येचा ठेवा नीट लावण्याचें काम तिच्यावर टाकणारा विरळा. यावरून ती नुसतें ओझें वाहत नव्हती, त्या कामांतली जाणती झाली होती, असें आम्हांस वाटतें.

१ फेब्रुवारी १७६७ रोजीं एत्वाल जहाजानें रोशफोर बंदर सोडिलें. त्यावर झान पुरुषाच्या कपड्यांत, पुरुषी नांवानें, कोमर्सों याचा नोकर म्हणून चढली होती. शंभराहून अधिक पुरुषांच्या गर्दींत हें कसें निभावलें, असें कोणी विचारील. वनस्पतिशास्त्रज्ञाचें सामानसुमान इतकें होतें कीं जहाजाच्या कप्तानानें आपली स्वतःची खोली त्या दोघांस दिली, त्यामुळें निजण्या-नेसण्याची अडचण टळली. कोणी संशय घेतला तर ती कांहीं सबब सांगून वेळ मारून नेई, आणि सर्वांत मोठें उत्तर म्हणजे तिचें काम. जो नोकर कोणत्याहि पुरुषाच्या बरोबरीनें वजन उचलतो त्याच्याविषयीं कुजबूज फार काळ टिकत नाहीं.

येथें थोडें थांबून तें काम काय होतें हें सांगितलें पाहिजे. शिडांच्या जहाजाला महिनेच्या महिने जमीन दिसत नसे. पिंपांतलें पाणी सडे, बिस्किटांत किडे पडत, आणि ताजा भाजीपाला न मिळाल्यामुळें स्कर्व्ही नांवाचा रोग होऊन हिरड्या सुजत, दांत हलत, भरलेल्या जखमा पुन्हां उघडत. म्हणून वाटेंत बेट दिसलें कीं तेथें नांगर टाकीत. कप्तानाच्या दृष्टीनें बेट म्हणजे गोडें पाणी, सरपण व पालेभाजी. विद्वानाच्या दृष्टीनें तें नवें जग असे. कारण चोहोंकडून समुद्रानें वेढलेल्या बेटावर जीं झाडें उगवतात त्यांतलीं कित्येक पृथ्वीवर दुसरीकडे कोठेंहि नसतात. परंतु त्याला मिळणारा वेळ किती? पिंपें भरेपर्यंत. पाण्याचें शेवटचें पिंप होडींत चढलें कीं शीड उभारलेंच, मग डोंगरावरचें झाड पाहावयाचें राहिलें असो वा नसो.

म्हणून दिवस उजाडतांच किनारा गांठावयाचा. बंदूक, खाण्याची शिदोरी, कागदांचे जाड गठ्ठे, ते दाबावयाच्या फळ्या, हें सारें पाठीवर घेऊन चढण चढावयाची. फांदी तोडावयाची ती फुलासकट व मिळाल्यास फळासकट. पानें एकावर एक न येतील अशीं पसरून तीं कागदांत घालावयाचीं व फळ्यांनीं आवळावयाचीं. रात्रीं जहाजावर आल्यावर झोंप कोठली? ओलसर झालेले कागद काढून कोरडे घालावयाचे, दुसऱ्या दिवशीं पुन्हां, तिसऱ्या दिवशीं पुन्हां. एक दिवस आळस केला तर बुरशी. लक्ष चुकलें तर उंदीर. वाळल्यावर फुलाचा रंग उडतो, म्हणून तो ताजा असतांनाच लिहून ठेवावा लागे, झाड केवढें उंच, कोणत्या जमिनींत, कोणत्या दिवशीं सांपडलें हेंहि. आमच्या घरच्या बाया पापड-कुरडया उन्हांत घालून आभाळाकडे डोळे लावून बसतात. त्यांस या कामाची कल्पना चटकन् येईल. फरक एवढाच कीं झानला हें खाऱ्या वाऱ्यांत, हलत्या जहाजावर आणि परक्या वेषांत करावें लागे.

ब्राझील सोडून जहाजें दक्षिणेस वळलीं. अमेरिका खंडाच्या टोंकाशीं असलेली मॅगेलन सामुद्रधुनी ओलांडण्यास बावन्न दिवस लागले. एका हाताला मुख्य भूमि, दुसऱ्या हाताला तिएरा देल फुएगोचीं बर्फाळ बेटें. मध्यें धुकें व उलटा वारा. जहाजें अडकून पडत तेवढ्या वेळांत कोमर्सों उतरून डोंगर चढे आणि त्याच्यामागें बर्फांत ओझें घेऊन झान. तिची ताकद व धीर पाहून कोमर्सों तिला आपलें लादणीचें जनावर म्हणत असे. तो हें कौतुकानें म्हणे यांत शंका नाहीं; पण तें कौतुक ऐकून आम्हांस बरें वाटत नाहीं. अशा चढाईंत नोकरांचे जीवहि जात. पुढच्याच वर्षीं, म्हणजे जानेवारी १७६९ मध्यें, इंग्रजांच्या एंडेव्हर जहाजावरचा श्रीमंत वनस्पतिशास्त्रज्ञ जोसेफ बँक्स त्याच तिएरा देल फुएगो बेटावर झाडें शोधण्यास चढला असतां बर्फांत रात्र काढावी लागली, आणि टॉमस रिचमंड व जॉर्ज डॉर्ल्टन हे त्याचे दोन काळे नोकर थंडीनें मेले. बँक्स पुढें मोठा प्रख्यात झाला.

सामुद्रधुनींतून बाहेर पडून पॅसिफिक महासागर तोडीत जहाजें ६ एप्रिल १७६८ रोजीं ताहिती बेटास पोंहोंचलीं. हिरवेगार डोंगर, झऱ्यांचें पाणी, नारळ, केळीं आणि फणसाच्या जातीचें विलायती फणस नांवाचें फळ. लोकांनीं पाहुण्यांस आदरानें घेतलें. परंतु तेथील मुक्काम अवघा नऊ दिवसांचा. झान कागदांचा गठ्ठा कांखेंत घेऊन किनाऱ्यावर उतरते तोंच बेटावरच्या लोकांनीं तिच्याभोंवतीं गर्दी केली व ही बाई आहे असा गलका केला. सव्वा वर्ष बरोबर राहून फ्रेंच खलाशांस जें पक्कें सांगतां आलें नव्हतें तें या लोकांनीं एका दृष्टिक्षेपांत ओळखिलें. कपडे कोणी कसे घालावे याचे फ्रेंच नियम त्यांस ठाऊक नव्हते. त्यांनीं कपड्यांकडे न पाहतां माणसाकडे पाहिलें. पहाऱ्यावरच्या एका अंमलदारानें मध्यें पडून तिला होडीपर्यंत पोंहोंचविलें.

मग गोष्ट लपून राहणें कठीण झालें. मे महिन्याच्या अखेरीस कप्तान बूगेंव्हील एत्वाल जहाजावर आला तेव्हां झाननें त्याच्यापुढें रडत रडत आपण स्त्री असल्याचें कबूल केलें. आपण पोरकी असून एका दाव्यांत सर्वस्व गेल्यामुळें पुरुषाचा वेष घेतला, जहाज पृथ्वीभोंवतीं जाणार हें ऐकून आपणांस कुतूहल वाटलें, आणि रोशफोर बंदरांत आपण धन्याला फसवून त्याची नोकरी धरिली, असें तिनें सांगितलें. यांतलें शेवटचें खरें नव्हतें. असत्य तें असत्यच, त्याला आम्ही दुसरें नांव देत नाहीं. पण तें तिनें कोणासाठीं सांगितलें हेंहि पाहावें. राजाचा हुकूम मोडल्याचा ठपका कोमर्सों याच्यावर आला असता तर त्याचें पद व संग्रह दोन्ही गेलीं असतीं. तिनें सर्व दोष आपल्या अंगावर घेतला. कोमर्सों यानें आपल्या तोंडानें तो परत घेतल्याचें आढळत नाहीं. कप्तान मात्र भला माणूस निघाला. त्यानें तिला शिक्षा केली नाहीं, तिच्या वागण्यांत कांहीं गैर दिसलें नाहीं असें लिहून ठेविलें, आणि तिला त्रास पोंहोंचूं नये अशी ताकीद दिली.

ती ताकीद पुरी पडली नाहीं. ताहितीहून पश्चिमेस जातांना अन्न संपत आलें. शिधा घटविला, खलाशी दोरखंडावरचें जुनें चामडें खाऊं लागले तेव्हां तें विषारी होईल म्हणून कप्तानास मनाई करावी लागली. फॉकलंड बेटांपासून जहाजावर असलेली एक शेळी रोज थोडें दूध देत असे. तीहि कापावी लागली, आणि जो खाटीक तिला इतके दिवस चारा घालीत होता त्याच्या डोळ्यांत पाणी आलें. अशा हालांत जुलै १७६८ मध्यें जहाजांनीं न्यू आयर्लंड नांवाच्या बेटाशीं नांगर टाकिला. पाऊस थांबेना, खावयास शिंपले व ताडाच्या जातीच्या झाडाचा गाभा यांवांचून फारसें कांहीं मिळेना. जहाजावरच्या वैद्याच्या रोजनिशीवरून दिसतें कीं याच बेटाच्या किनाऱ्यावर झानला तिच्याच जहाजावरच्या माणसांनीं गांठून, ती स्त्री आहे कीं नाहीं हें जबरीनें पाहिलें. या वैद्याचें व कोमर्सोंचें वांकडें होतें, म्हणून त्याचा प्रत्येक शब्द आम्ही धरीत नाहीं. त्यानें तें थट्टेच्या सुरांत लिहिलें आहे, आणि त्या सुरावरूनच त्या दिवशीं तिच्यावर काय प्रसंग गुदरला असेल याची कल्पना करावी. कप्तानाच्या छापील ग्रंथांत या प्रसंगाचा उल्लेख नाहीं. ती ताहितींत उघडकीस आली एवढेंच त्यांत आहे. ज्या लोकांस युरोपांत रानटी म्हणत त्यांच्या बेटावर तिला केवळ ओळखिलें गेलें. अपमान झाला तो स्वकीयांच्या हातून, निर्जन किनाऱ्यावर.

पुढें डच लोकांच्या ताब्यांतील बुरू बेटावर अन्न मिळालें आणि माणसें जगलीं. बटाव्हियाहून निघून नोव्हेंबर १७६८ मध्यें जहाजें हिंदी महासागरांतील एका फ्रेंच बेटावर आलीं. त्याला तेव्हां ईल द फ्रान्स म्हणत; आज त्याला मॉरिशस म्हणतात. आमच्या आज्या-पणज्या ज्या साखरेला मोरस म्हणत ती याच बेटाच्या नांवावरून. पुढें १८३४ नंतर रत्नागिरी व आसपासच्या मुलुखांतलीं शेंकडों मराठी कुटुंबें उसाच्या मळ्यांत मजुरीस तेथें गेलीं आणि त्यांचे वंशज आजहि तेथें मराठी भाषा व सण राखून आहेत. झान उतरली तेव्हां मात्र मळ्यांत राबत होते ते गुलाम, मादागास्कर व आफ्रिकेच्या किनाऱ्यावरून धरून आणलेले.

बेटाचा कारभारी पियेर प्वाव्र हा मोठा विलक्षण पुरुष होता. तारुण्यांत तो मिशनऱ्यांबरोबर पूर्वेकडे गेला होता. पुढें समुद्रावरच्या लढाईंत त्याचा उजवा हात गेला. लवंग व जायफळ यांचा व्यापार डच लोकांनीं मुठींत ठेविला होता. तीं रोपें मिळवून आपल्या बेटावर लावावीं हा त्याचा ध्यास होता, आणि १७७० सालीं तो सफळ झाला. पांप्लमूस येथील त्याची बाग आजतागायत आहे. अशा माणसाला कोमर्सोंसारखा जाणता हवाच होता. त्यानें त्याला ठेवून घेतलें. बूगेंव्हील डिसेंबरांत निघाला व मार्च १७६९ मध्यें फ्रान्सला पोंहोंचून कीर्तीस चढला. झान कोमर्सोंबरोबर बेटावरच राहिली. दोघें जहाजावरून उतरल्यामुळें राजाच्या आरमाराची एक अडचणहि परभारें मिटली, हें चतुर वाचकांच्या ध्यानांत येईल.

आतां पिंपें भरण्याची घाई नव्हती. नऊ दिवसांऐवजीं वर्षें हातीं होतीं. बेटावरचा डोडो पक्षी तोंपर्यंत नाहींसा झाला होता आणि आबनुसाचीं रानें तोडलीं जात होतीं. प्वाव्र यानें १७६९ सालीं डोंगरउतारावरचें रान राखण्याचे नियम केले ते यामुळेंच. जें अजून उभें होतें तें कोमर्सोंनें कागदांत उतरविण्याचा सपाटा लाविला. १७७० च्या अखेरीस तो मादागास्करला गेला, तेथून बूर्बों बेटावर जाऊन तेथील ज्वालामुखी पर्वत चढला. मादागास्करच्या वनश्रीनें तर तो वेडावून गेला. झान या फेऱ्यांत बरोबर असावी असें पुष्कळ चरित्रकार मानतात.

१७७२ सालीं प्वाव्र मायदेशीं परतला व त्याच्या जागीं आलेल्या अधिकाऱ्याला झाडपाल्याचें प्रेम नव्हतें. आश्रय गेला, पैसा आटला, कोमर्सोंचें दुखणें बळावलें. १३ मार्च १७७३ रोजीं तो त्याच बेटावर वारला. वय पंचेचाळीस. आठ दिवसांनीं पॅरिसच्या शास्त्रपरिषदेनें त्याला सभासद निवडिलें. तो जिवंत नाहीं हें तेथें कोणाला ठाऊक नव्हतें. त्याचे सुमारें सहा हजार नमुने तीसहून अधिक पेट्यांत भरून सरकारी अधिकाऱ्यांनीं पॅरिसला रवाना केले. संग्रह नीट लावण्याचें जें काम मृत्युपत्रानें झानकडे दिलें होतें तें पेट्यांबरोबर तिच्या हातून गेलें. ती बेटावर, पेट्या पॅरिसांत.

परक्या बेटावर, बत्तीस वर्षांची, अविवाहित, धनी मेलेला, हातीं परतीच्या जहाजाचें भाडें नाहीं अशी ती उरली. कोणी म्हणेल, आतां ती खचली असेल. तिनें पोर्ट लुई गांवांत खानावळ व दारूचा गुत्ता घातला. डिसेंबर १७७३ मध्यें रविवारीं दारू विकल्याबद्दल तिला पन्नास लीव्र दंड झाल्याची नोंद आहे. प्रभूच्या दिवशीं दारू विकणें आमच्या वाचकांस आवडणार नाहीं, आम्हांसहि आवडत नाहीं. पण चरित्र लिहावयाचें तर दंडाची पावतीहि दाखविली पाहिजे. त्या पावतीवरून एवढें कळतें कीं नऊ महिन्यांत ती कोणाच्याहि दारांत हात पसरून उभी राहिली नव्हती.

१७ मे १७७४ रोजीं तिनें झां द्यूबेर्ना नांवाच्या एका फ्रेंच शिपायाशीं देवळांत विवाह केला, आणि १७७५ च्या सुमारास नवऱ्याबरोबर ती फ्रान्सला परत आली. जेथून निघाली त्या देशाच्या भूमीवर तिचें पाऊल पडलें त्या दिवशीं एका स्त्रीची पृथ्वीप्रदक्षिणा पुरी झाली. बंदरावर तोफा झडल्या नाहींत. बूगेंव्हीलला जो फेरा घालण्यास अडीच वर्षेंहि लागलीं नाहींत त्याला तिला आठ वर्षें लागलीं, व त्यांतलीं सहा एका बेटावर गेलीं.

१७७६ सालीं तिनें मृत्युपत्राप्रमाणें आपलें देणें मागून घेतलें. नवऱ्याच्या मुलुखांत, दोर्दोन्य नदीच्या खोऱ्यांत, त्यांनीं शेतवाडी घेतली. शेतमजुराची मुलगी स्वतःच्या जमिनीवर राहूं लागली. १७८५ सालीं फ्रान्सच्या आरमार खात्यानें तिला दर साल दोनशें लीव्र नेमणूक दिली. त्या कागदांत तिला असामान्य स्त्री म्हटलें असून, कोमर्सों याच्या श्रमांत व संकटांत ती धैर्यानें वांटेकरी झाली व तिचें वर्तन निर्मळ राहिलें असें कारण नमूद आहे. ज्या खात्याचा हुकूम मोडून ती जहाजावर चढली होती त्याच खात्यानें हें दिलें. कोमर्सों जाऊन तेव्हां बारा वर्षें झालीं होतीं. ५ ऑगस्ट १८०७ रोजीं वयाच्या सदुसष्टाव्या वर्षीं ती आपल्या गांवीं मरण पावली.

पॅरिसला गेलेल्या पेट्यांतून मात्र पुढें पुष्कळ नांवें निघालीं. बोगनवेलीचें नांव तेथील शास्त्रज्ञ जुस्यू यानें १७८९ सालीं छापून प्रसिद्ध केलें. कोमर्सोंचें स्वतःचें नांव सत्तरांहून अधिक झाडांना व प्राण्यांना मिळालें. झानसाठीं त्यानें एक नांव योजून ठेविलें होतें. त्या झुडुपाचीं पानें एकाच फांदीवर निरनिराळ्या आकाराचीं असतात. एकच माणूस दोन रूपांत दिसावें तसें. त्याला त्यानें बारेशिया म्हटलें. पण कागद पॅरिसला पोंहोंचून शास्त्रज्ञांनीं पाहिले तों त्या जातीला अगोदरच दुसरें नांव पडलेलें होतें, म्हणून नियमाप्रमाणें कोमर्सोंनें दिलेलें नांव गळालें.

त्यानंतर दोनशें वर्षांहून अधिक काळ तिच्या नांवाचें एकहि झाड नव्हतें. २०१२ सालीं वनस्पतिशास्त्रज्ञांनीं दक्षिण अमेरिकेंत, इक्वेडोरच्या दक्षिणेस व पेरूच्या उत्तरेस डोंगरांत वाढणाऱ्या एका नव्या वेलीला तिचें नांव दिलें. ही वेल वांगें, बटाटा व टोमॅटो यांच्या जातींतली आहे, आणि तिचीहि पानें एकसारखीं नसतात.